आधी जागा, मग रंग

१

हा नियम ज्याने कुणी केला, त्याने आयुष्यात कधी कुणाला हात धरून जिना उतरवलेला नसणार. 'पाहणारे दोन असावेत. त्यांनी पाहताना एकमेकांशी बोलू नये. एकाने दुसऱ्याला मदत करू नये.' वाचायला किती स्वच्छ! माणसाचे डोळे म्हणजे जणू नळाच्या तोट्या, एक गळायला लागली की दुसरी बसवा. असं ज्याला वाटलं, त्याच्यामुळे हे सगळं घडलं, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होते. रागाच्या भरात अजूनही सांगते.

आमच्या कार्यशाळेत रंग तयार होतो, पण त्यात रंग नसतो. हे ऐकलं की आई विचारते, "मग दिवसभर करता काय?" मी तिला मोराचं पीस दाखवते. त्यात निळा रंग कुठेच नाही. पीस कुटलं तर हाती तपकिरी भुकटी येते. निळेपण असतं ते रचनेत. डोळ्याला न दिसणारे थरांवर थर, त्यांवर उजेड पडतो आणि त्यातला तेवढा निळा परत फिरतो. काही झाडं सावलीतल्या पानांवर हेच करतात. काही फळं सुकून खडखडीत झाली तरी वर्षानुवर्षं निळीच राहतात. आम्ही लाकडाच्या लगद्यातून तसे थर बसवतो. पसरट ताटांत ओतायचं, धक्का न लावता आठवडाभर वाळवायचं, की तळाशी पातळ पापुद्रा उरतो. समोरून हिरवा, बाजूने निळा. ना शिसं, ना विषारी वाफ, ना नाल्यात सोडलेलं जांभळं पाणी. रंग करताना माणसांचा जीव जाऊ नये एवढीच माझी मागणी आहे, आणि लोकांना ती अजून फार वाटते.

तेव्हा आमच्याकडे एकच मोठं काम होतं. डोळ्यांच्या एका दवाखान्याचा जिना. तिथे येणाऱ्यांना पायरीची कड दिसत नाही. पिवळा पट्टा मारला तरी अधू नजरेला तो धुरकटच दिसतो. पण हललेलं कळतं. आमची पट्टी पायरीच्या कडेला लावली, की माणूस जवळ येता येता ती निळ्याची हिरवी होते, पायापाशी कुणीतरी कूस बदलावी तशी. पाऊल आपोआप सावध होतं. फक्त रंग नेमक्या अंतरावर बदलायला हवा. उशिरा बदलला तर पाय हवेत.

यंत्र एका वेळी एक ठिपका मोजतं. अख्खी पट्टी कशी दिसते ते माणसानेच बघावं लागतं. त्यासाठी बघायची खोली. खिडकी नाही. भिंती राखाडी, अंगात घालायचे कोट राखाडी, म्हणजे कपड्यांची झाक पट्टीवर पडत नाही. समोरच्या फळीवर पट्टी लावायची. जमिनीवर पांढऱ्या चिकटपट्टीच्या सात फुल्या, समोरून कडेपर्यंत वळत गेलेल्या. एक नंबर बरोबर समोर, तिथून पट्टी हिरवी. चारवरून मोरपंखी. सात नंबर भिंतीलगत, तिथून गडद निळी. सातवर एक बुटकी खुर्ची. एक ते सहा एकाने बघायचं, सात दुसऱ्याने. दोघांच्या रंगांची साखळी जुळली तरच पट्टी पास. नोंदवहीत तीन रकाने: जागा, रंग, पाहणारा.

"आधी जागा, मग रंग," हे मला ज्यांनी शिकवलं, ते सात नंबरवर बसायचे. त्यांना सगळे मास्तर म्हणत.

२

मास्तरांनी चाळीस वर्षं कापड रंगवायच्या कारखान्यात रंग जुळवले होते. त्यांच्या नखांच्या कडा अजून निळ्या होत्या. "हा खरा रंग," ते नखं पुढे करून म्हणायचे. "अंधारात ठेव, पाण्यात बुडव, हलत नाही. तुझा रंग म्हणजे कचेरीतला कारकून. जागेवर असला तर असला."

मला ते घाईबाई म्हणत. मी वाक्य संपायच्या आत उत्तर देते म्हणून.

एका सकाळी घाईघाईत मी फळीवर पट्टी लावायलाच विसरले. मास्तर सात नंबरवर बसले, मान जराशी तिरकी केली आणि म्हणाले, "निळा. जांभळ्याकडे झुकलेला. सुरेख."

मी उघड्या राखाडी फळीकडे बघत राहिले. मला शब्दच सुचेना, आणि मला शब्द सुचत नाहीत म्हणजे काय ते मास्तरांच्या लगेच लक्षात आलं.

"पट्टी लावलेली नाही, होय?"

"नाही."

"दिवा तरी लावलायस का?"

आम्ही दोघंही हसलो. मग ते हसायचे थांबले आणि कोटाच्या बाहीने तोंड पुसत बसले. कोटाची बटणं एक घर चुकवून लावलेली होती. ती तशी बरेच दिवस होती, आणि मी ते वेंधळेपण समजत होते.

"कधीपासून?"

"उजवा गेल्या वर्षी. डावा आत्ता आत्ता. पुढे काहीतरी हलतंय एवढं कळतं." मग म्हणाले, "मॅडमना कळलं तर घरी बसा म्हणतील. घरी बसून काय बघू, पोरी?"

मॅडम म्हणजे आमच्या प्रमुख. त्या वाईट नाहीत, पण नियम म्हणजे नियम. मी दार लावून घेतलं. खुर्चीमागे गेले, वाकले, माझा गाल मास्तरांच्या गालाला जवळजवळ टेकवला. त्यांचा डोळा जिथे होता तिथे माझा डोळा नेला, आणि हळूच कानात सांगितलं, "निळा. कडेला जरा फिकट."

मास्तरांनी खाकरून घसा साफ केला आणि मोठ्याने म्हणाले, "सात. निळा. कडेला जरा फिकट. लिहा."

मी लिहिलं. पाहणारा: मास्तर.

सहा महिने आम्ही हे केलं. रोज वीस-बावीस वेळा मी त्या खुर्चीशी वाकत होते. बदल्यात ते मला नावं शिकवत. मी नुसतं निळा म्हटलं की चिडायचे. "निळा काय निळा? दुधातला की शाईतला?" हळूहळू मी वाकले की कुठल्या डोळ्याने बघतेय याचाही विचार करत नव्हते. मला त्यात पाप वाटत नव्हतं. खरं सांगायचं तर अभिमान वाटत होता.

मग गुडघ्यांचं कारण सांगून त्यांनी काम सोडलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मॅडम म्हणाल्या, अशी नजर पुन्हा मिळायची नाही. मी फरशीकडे बघत होते. त्यांचा कोट खुंटीवर तसाच राहिला.

३

त्यानंतरच्या सोमवारी मी एकटीच बघायच्या खोलीत गेले. शेवटच्या पट्ट्या बघायच्या होत्या. पुढच्या महिन्यात त्या जिन्यावर बसणार होत्या. दुसरा पाहणारा ठरेपर्यंत एक ते सहा उरकून ठेव, असं मॅडम म्हणाल्या होत्या.

एक नंबरवर उभी राहिले. पट्टी निळी होती.

शाईतली. कडेला जरा फिकट.

मी पट्टी काढून उलटसुलट बघितली, परत लावली. ओतलेला घाणाच चुकला असेल म्हणून दुसऱ्या घाण्यातली लावली. निळी. दिवा बदलला. निळी. यंत्र टेकवलं, आकडा हिरव्याचा. फोनवर फोटो काढला. फोटोत पट्टी पोपटासारखी हिरवी, आणि फोटो बाजूला केला की समोर तीच पट्टी निळी. दोनवर गेले, तीनवर, सहावर. चालताना तो रंग हलायला हवा. माझं सगळं शिक्षण त्या हलण्यावर उभं आहे. तो हलला नाही. भिंतीला तैलरंग फासावा तसा जागच्या जागी बसून राहिला.

मॅडम दारातून डोकावल्या. मी म्हटलं, "जरा इथून बघता?"

त्या एक नंबरवर आल्या. "छान हिरवी आहे की. का गं?"

"काही नाही."

"तू जेवलीस का?"

मी हो म्हटलं आणि नोंदवहीत लिहिलं: एक. हिरवा. न पाहिलेला रंग मी पहिल्यांदाच लिहिला, असं मनात आलं. मग वाटलं, पहिल्यांदा कशी? गेले सहा महिने दुसरं काय करत होते?

४

थकवा असेल, म्हणून मी दोन दिवस लवकर झोपले. थकव्याने रंग फिका दिसेल, दुहेरी दिसेल. जागेवर खिळून कसा राहील?

घरी भांडी घासताना साबणाचा फुगा हातावर आला. त्यावर रंगांची धावपळ असते, लहान मुलालाही माहीत आहे. मी डोकं डावीकडे नेलं, उजवीकडे नेलं, खाली वाकले. फुग्यावरचे रंग माझ्यासाठी जराही वळले नाहीत. ओल्या बोटांवर एक शांत निळा गोल फुटेपर्यंत बसून होता.

"काय झालं? मान आखडली का?" आईने विचारलं.

"नाही."

"मग कोंबडीसारखी काय करतेस?"

गॅलरीच्या कठड्यावर पारवा येऊन बसला. त्याची मान फिरली, पण मानेवरचा रंग फिरला नाही. बाकी सगळं ठीक होतं. टोमॅटो लाल, आईची साडी पिवळी, फक्त ज्या गोष्टींचा रंग जागेवर अवलंबून असतो तेवढ्याच बिघडल्या होत्या. त्या सगळ्या कडेने, खालून, बसलेल्या माणसाला दिसाव्यात तशा दिसत होत्या.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी सगळे दिवे मारून बघितले. "डोळे उत्तम आहेत. चष्मा नको, सुट्टी घ्या."

मी सुट्टी घेतली. गॅलरीत चहा पीत बसले होते. पारवे येऊ नयेत म्हणून समोरच्या घरवाल्यांनी गाण्यांच्या जुन्या सीडी, त्या चकचकीत चकत्या, दोरीला टांगल्या आहेत. वारा नव्हता. चकत्या स्तब्ध होत्या. मीही स्तब्ध होते, कप ओठाशी तसाच. आणि सगळ्या चकत्यांवरचा निळा पट्टा एकदम, सावकाश, हिरव्याकडे सरकला. थांबला. मग परत निळ्यावर आला.

खुर्चीत बसल्या बसल्या कुणीतरी पुढे झुकून बघावं आणि पुन्हा मागे टेकावं, तितका वेळ लागला.

५

मी मास्तरांकडे गेले. दार काकूंनी, म्हणजे मास्तरांच्या बायकोने, उघडलं.

"ये. सकाळपासून तुझाच जप चाललाय," त्या म्हणाल्या, आणि पॅसेजमध्येच माझा हात धरून कुजबुजल्या, "त्यांना काय काय दिसतंय म्हणतात. डॉक्टर म्हणाले, नजर गेली की मेंदू आठवणी दाखवतो, घाबरू नका. मी घाबरत नाही गं. पण इतके खूश मी त्यांना लग्नातही बघितलं नव्हतं."

मास्तर आतल्या खोलीत खुर्चीवर बसले होते. माझी पावलं ओळखून म्हणाले, "घाईबाई, सोमवारचा घाणा फार चांगला उतरलाय. काय हिरवा! आंब्याच्या कोवळ्या पानाला तेल लावल्यासारखा."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? समोरून बघितला. मी जन्मात एक नंबरवर उभा राहिलो नाही, या गुडघ्यांनी. तुझा रंग समोरून असा दिसतो, हे मला तू कधी बोलली नाहीस."

"आणखी काय दिसतं?"

"तेवढंच. खोली नाही, माणूस नाही, काकूचं तोंड नाही."

"ते बघून बघून पाठ झालंय," काकू म्हणाल्या.

"नुसता रंग. हिरवा येतो, थोडा वेळ राहतो, जातो. त्या दिवशी एक गोल दिसला, हातावर बसल्यासारखा. फुटला." त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायचं त्यांना भान नव्हतं. "मी कारखान्यात असताना असं काही बघितलं असतं, तर कापडाला हात लावला नसता बघ."

टेबलावर शिंपल्याची साबणदाणी होती. मी तिच्याकडे बघत होते, कारण मास्तरांकडे बघवत नव्हतं. मास्तरांनी काकूंच्या आवाजाकडे मान वळवली. शिंपल्यातला निळा त्यांच्या मानेबरोबर वळला. त्यांनी मान सरळ केली, तोही सरळ झाला. मी मात्र पापणीसुद्धा हलवली नव्हती.

माझ्यातली शिकलेली मुलगी अजून भांडत होती. योगायोग. खिडकीतला उजेड. ढग. मी डोळे मिटले आणि दहा मोजायचं ठरवलं.

चारवर मास्तर शांतपणे म्हणाले, "अंधार झाला. डोळे मिटलेस का, पोरी?"

६

दुसऱ्या दिवशी दुपारी, सगळे जेवायला गेल्यावर, मी बघायच्या खोलीत जाऊन सात नंबरच्या खुर्चीत बसले. माझा तर्क साधा होता. डोळा जर या खुर्चीत अडकला असेल, तर इथे बसल्यावर तरी मी आणि माझी नजर एका ठिकाणी येऊ.

तसंच झालं. पट्टी निळी दिसली, आणि सातवरून ती निळीच दिसायला हवी. इतक्या दिवसांनी काहीतरी बरोबर होतं. मी मागे टेकले. खोलीत हवा खेळवणाऱ्या पंख्याची घरघर होती, बाकी काही नाही.

मग निळ्यात हिरवं मिसळायला लागलं.

दुधावर साय धरावी तितक्या सावकाश. सहावरचा रंग आला. पाच. चार, मोरपंखी. मध्ये मध्ये थांबत, पुन्हा पुढे. मी चालण्याचा वेग ओळखते, या फुल्यांवरून मी हजारदा चालले आहे. कुणीतरी माझ्या खुर्चीपासून उठून एकेक फुली ओलांडत समोर चाललं होतं. जमिनीवर आवाज नव्हता. तीन. दोन.

पट्टी पूर्ण हिरवी झाली. आंब्याच्या कोवळ्या पानाला तेल लावल्यासारखी.

त्या पापुद्र्याला अंगची थोडी चकाकी असते. एरवी तिच्यात खोलीतलं काही नीट उमटत नाही, राखाडीवर राखाडी. त्या वेळी तिच्यात एक नंबरच्या जागी काहीतरी उभं होतं. राखाडी, उंच. गुडघे कधी दुखलेच नाहीत अशा माणसासारखं ताठ. ते पट्टीकडे बघत होतं, माझ्याकडे नाही. मान जराशी तिरकी होती.

मी मान वळवून एक नंबरकडे बघितलं नाही. भित्री म्हणा. मला वाटलं, बघितलं तर त्याच्या बघण्यात व्यत्यय येईल.

पंख्याची घरघर एकदा अडखळली आणि पट्टी पुन्हा निळी झाली. मी उठले, आणि दाराशी माझा हात खुंटीवरच्या कोटाला लागला. मास्तरांनी काम सोडलं त्या दिवशी तो मीच टांगला होता, पुढून उघडा. आता त्याची बटणं लावलेली होती. एक घर चुकवून.

७

मला भीती कसली वाटायला हवी होती आणि कसली वाटली, ते सांगते.

माझा डोळा सोमवारी सरकला, हे मला कळलं म्हणून सोमवार. तो खरा कधी सरकला? सहा महिन्यांत कधी? नोंदवहीत प्रत्येक पट्टीला दोन पाहणाऱ्यांची नावं होती आणि बघणारी मी एकटी. माझी चूक झाली असेल, तर ती पकडायला दुसरं कुणी नव्हतंच. मी ती स्वतःच दोनदा पक्की केली होती. आणि त्या पट्ट्या अशा जिन्यावर बसणार होत्या, जिथे मास्तरांसारखी माणसं हात चाचपडत उतरतात.

नोंदवही दुरुस्त करायलाच हवी होती. सात नंबर, पाहणारा: मास्तर, हे खोडून खरं लिहायला हवं होतं. पण एक गोष्ट मला कुठल्याही पुस्तकाने सांगितली नव्हती, तरी माहीत होती. जागेवर पाहणारा खोटा लिहिला म्हणून हे झालं होतं. खरा लिहिला, की ज्याचं त्याला परत. मला माझा हिरवा. मास्तरांना अंधार.

मी त्यांना फोन केला. काकूंनी तो त्यांच्या कानाला लावला. मी सगळं सांगितलं. चकत्या, खुर्ची, पट्ट्या. उंच राखाडी काहीतरी तेवढं सांगितलं नाही. 

"जिना कितव्या मजल्यापर्यंत आहे?" त्यांनी विचारलं.

"तिसऱ्या."

"परवा आमच्याच जिन्यावर माझा पाय सटकला. काकूने कॉलर धरली, कुत्र्याची धरतात तशी." ते हसले. "लिही. माझं नाव काट. त्यात विचारायचं काय?"

"मास्तर, मग तुम्हाला..."

"वाक्य पुरं कर नाहीतर सोड. अर्धं नको."  मग फार हळू आवाजात, "लिहायच्या आधी एवढं कर. जरा वेळ एक नंबरवर उभी राहा. घाई करू नको."

मी फोन चालू ठेवून कोटाच्या खिशात टाकला. सर्वांत चांगली पट्टी शोधून फळीवर लावली. एक नंबरच्या फुलीवर पाय जुळवून उभी राहिले.

मला निळा दिसत होता. त्या निळ्याकडे मी बघत राहिले. आयुष्यात इतका वेळ मी एका जागी उभी राहिलेली नाही. पायांना मुंग्या आल्या. डोळे झोंबले तरी पापणी मिटवेना, कारण मिटली की तिकडे अंधार. खिशातून मधूनमधून त्यांचा आवाज येत होता. माझ्याशी नाही, काकूंशी. "डावीकडे बघ, तिथे सोन्याची झाक आहे." आणि काकू, ज्यांच्यासमोर काहीच नव्हतं, म्हणत होत्या, "आहे की हो. आहे."

किती वेळ गेला ठाऊक नाही. शेवटी खिशातून आलं, "बास. पोट भरलं."

मी नोंदवही उघडली. सहा महिन्यांच्या प्रत्येक पानावर, सात नंबरच्या प्रत्येक ओळीत, त्यांचं नाव काटून माझं लिहिलं. हात दुखून आला. शेवटच्या ओळीनंतर मान वर केली. फुलपाखराचा पंख स्पिरिटमध्ये बुडवला की त्याचा निळा नाहीसा होतो, आणि स्पिरिट उडून गेलं की कडेकडेने परत येतो. तसा पट्टीवर कडेकडेने हिरवा आला.

खिशातला फोन केव्हाच बंद झाला होता.

८

सातवरून कोण बघत होतं ते मीच जाऊन सांगितलं. मॅडम ओरडल्या नाहीत. नोंदवही चाळत म्हणाल्या, "तुला वाटलं, माझ्या लक्षात आलं नाही तेच बरं. मला आधी सांगितलं असतंस तर त्यांना बसायला दुसरी खुर्ची दिली असती, एवढंच."  सगळ्या पट्ट्या पुन्हा बघायच्या ठरल्या. जिन्याची तारीख पुढे गेली.

मास्तरांकडे मी रोज जाते. आता त्यांना काही दिसत नाही. ते तक्रार करत नाहीत. साबणदाणी हातात घेऊन तिच्या आतून अंगठा फिरवत बसतात, आणि आता मी वाकून रंग सांगते. उघड, मोठ्याने, काकूंच्या देखत.

दुसरी पाहणारी म्हणून मॅडमनी सफाईच्या मावशींना बसवलं. रंगांच्या चाचणीत त्यांनी आम्हा सगळ्यांना मागे टाकलं होतं. "वीस वर्षं डाग शोधतेय, रंग काय शोधायचा?" असं त्या म्हणाल्या.

पहिल्या दिवशी त्यांना मास्तरांचा कोट द्यावा लागला, दुसरा नव्हता. मी धुऊन, इस्त्री करून आणला होता. त्या सात नंबरच्या खुर्चीत बसल्या, पट्टीकडे तोंड करून. मी नियमाप्रमाणे लांब, एक नंबरच्या फुलीवर, हातात नोंदवही घेऊन. माझ्या समोरची पट्टी हिरवी होती. एक पाऊल बाजूला टाकलं की हलत होती. मला रडू येईल इतकी ती हलत होती.

"मावशी," मी तिथूनच विचारलं, "सातवरून काय दिसतं?"

मावशींनी मान वळवली नाही. खांदा मात्र जरासा आखडून घेतला, कुणी फार जवळ आलं की आपण घेतो तसा.

"निळा, शाईतला. कडेला जरा फिकट. लिहा," त्या म्हणाल्या. "आणि ताई, सारखं वाकून कानात सांगू नका हो. मला दिसतंय माझं मला."